उजवा कप्पा

हृदयाच्या खालच्या भिंतीचा, म्हणजे आम्ही ज्याला इन्फिरिअर वॉलचा म्हणतो तो अटॅक त्यातल्या त्यात बरा, असं मी बरीच वर्षं मानत होते. नातेवाइकांनाही तसंच सांगायचे. पुढच्या भिंतीचा अटॅक असला की आमच्या आवाजातच ताण यायचा, खालच्या भिंतीचा निघाला की सूर जरा सैल व्हायचा. याला आधार नव्हता असं नाही. पुढच्या भिंतीला रक्त देणारी डावी धमनी बंद पडली की डाव्या कप्प्याचा मोठा भाग जातो आणि शरीरभर रक्त ढकलण्याचं काम त्याच कप्प्याचं. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये बहुधा उजवी धमनी बंद पडते, डाव्या कप्प्याचा स्नायू कमी जातो, पंपिंग बऱ्यापैकी टिकतं. सगळे रुग्ण एकत्र धरून आकडे मांडले तर आजही तेच दिसतं. माझं मत बदललं ते या 'सगळे एकत्र धरून' बद्दल.

मी कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात फिजिशियन आहे. माझ्याकडे छोटा आयसीयू आहे, कॅथलॅब नाही. अँजिओप्लास्टी लागणारा रुग्ण एकतर गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातो, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. तेव्हा एखादा अटॅक हलका की भारी, हा माझ्यासाठी पुस्तकी प्रश्न राहत नाही. गाडी आत्ता काढायची की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन सकाळपर्यंत थांबायचं, सोबत डॉक्टर पाठवायचा की नर्स पुरेल, हे सगळं त्यावर ठरतं.

उजव्या कप्प्याला आम्ही शिकताना फारशी किंमत दिली नव्हती, आणि याची मुळं बरीच जुनी आहेत. 1943 साली अमेरिकेत आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याची बाहेरची भिंत डागून निकामी केली. शिरांमधला दाब जेमतेमच वाढला, जनावरं तग धरून राहिली. निष्कर्ष सरळ वाटला: रक्त फुफ्फुसाकडे जायला उजव्या कप्प्याची ताकद असली काय आणि नसली काय, चालतं. पुढे 1971 मध्ये बोर्दोच्या फ्रान्सिस फोंताँ यांनी आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यात शिरांचं रक्त उजव्या कप्प्याला वगळून थेट फुफ्फुसांकडे वळवलं होतं, आणि रुग्ण जगले. उजवा कप्पा म्हणजे फक्त वाट, हा समज त्यामुळे आणखी पक्का झाला. कुत्र्यांवरच्या त्या प्रयोगांत हृदयाचं बाहेरचं आवरण उघडलेलं होतं, हे मात्र बराच काळ कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्याकडे पुढे येते.

1974 साली जे कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांचं वर्णन केलं. बीपी पडलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या, फुफ्फुसं मात्र स्वच्छ. डावा कप्पा बरा असताना हे व्हायचं कारण एकच, उजव्या कप्प्यालाच अटॅक आलेला आहे. हे त्रिकूट आम्हाला तोंडपाठ होतं. परीक्षेत हमखास विचारलं जायचं. पण परीक्षेत विचारलं जाणारं आणि रात्री दोन वाजता आठवणारं यात फरक असतो. इन्फिरिअर वॉल दिसला की छातीच्या उजव्या बाजूचा ईसीजी काढायचा, हे मला माहीत होतं आणि मी तो कधीमधी काढतही होते, पण त्यावर फार काही अवलंबून आहे असं मनापासून वाटत नव्हतं.

1993 चा फ्रायबुर्गचा अभ्यासही मी वाचला होता. त्सेहेंडर आणि सहकाऱ्यांनी खालच्या भिंतीचा अटॅक आलेले 200 रुग्ण ओळीने घेतले आणि प्रत्येकाचा उजव्या बाजूचा ईसीजी काढला. जवळपास निम्म्या रुग्णांत व्ही-फोर-आर या लीडमध्ये बदल होता. ज्यांच्यात तो होता त्यांच्यातले 31 टक्के रुग्णालयातच दगावले, ज्यांच्यात नव्हता त्यांच्यातले 6 टक्के. मोठ्या गुंतागुंती 64 टक्के आणि 28 टक्के. एकाच नावाच्या, ईसीजीच्या नेहमीच्या पट्टीवर सारख्या दिसणाऱ्या आजारात इतकी तफावत! तरीही मी मनातल्या मनात पळवाट काढली होती: तो अँजिओप्लास्टी सर्रास व्हायच्या आधीचा काळ, आता असं होत नसणार.

माझी ही समजूत हलली ती 2003 साली प्रसिद्ध झालेल्या शॉक रजिस्ट्रीच्या निबंधामुळे. तो माझ्या हाती बराच उशिरा आला. अटॅकनंतर हृदय रक्त पुरवायला कमी पडून रुग्ण शॉकमध्ये गेला तर पुढे काय होतं, याची ही नोंदणी. त्यात 49 रुग्ण असे होते की ज्यांचा शॉक मुख्यतः उजव्या कप्प्यामुळे होता, आणि 884 जणांचा डाव्या कप्प्यामुळे. उजव्या गटातले लोक वयाने कमी होते, त्यांना आधी अटॅक येऊन गेल्याचं प्रमाण कमी होतं, एकाहून जास्त धमन्या खराब असल्याचंही कमी. म्हणजे सगळं पारडं त्यांच्या बाजूने झुकलेलं. तरी रुग्णालयातले मृत्यू 53 टक्के, आणि डाव्या गटात 61 टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरताच येत नाही. ज्याला आम्ही दुय्यम म्हणत होतो तो कप्पा कोलमडला की निम्म्याहून जास्त माणसं जात होती, आणि ती तुलनेने धडधाकट माणसं होती.

त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, आणि माझ्यासारखीला तो जास्त लागतो. अटॅक सुरू झाल्यापासून शॉक येईपर्यंतचा मध्यम काळ डाव्या गटात सहा तासांहून थोडा जास्त होता. उजव्या गटात तो 2.9 तास होता.

आता याच्या शेजारी आपल्या देशातला आकडा ठेवा. 2008 मध्ये लान्सेटमध्ये आलेल्या क्रिएट नोंदणीत भारतातल्या 50 शहरांमधल्या 89 रुग्णालयांचे 20 हजारांवर रुग्ण होते. छातीत दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम काळ 360 मिनिटं, म्हणजे सहा तास. आणि ती शहरांतली रुग्णालयं होती. उजव्या कप्प्याचा शॉक तीन तासांत येणार आणि माणूस सहा तासांनी दारात येणार, तर यांतले कितीतरी जण आमच्यापर्यंत पोचतच नसणार. जे पोचतात त्यांना पाहून मी खालच्या भिंतीचा अटॅक हलका ठरवत होते. हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर जुनं मत टिकणं शक्यच नव्हतं.

कागदावर पटलेलं हातात उतरायला आणखी वेळ लागला. त्या काळातल्या एका काकी मला अजून आठवतात. सत्तरी ओलांडलेल्या, गावात घर आणि थोडी काजूची बाग. पहाटेपासून उलट्या, घाम, पोटात जळजळ. छातीत दुखतं का विचारलं तर नाही म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "मॅडम, आवशीक पित्ताचो त्रास आसा पयलेपासून." पट्टीवर लीड टू, थ्री आणि ए-व्ही-एफमध्ये रेषा वर उचललेली होती, आणि टूपेक्षा थ्रीमध्ये जास्त. ही खूण सहज नजरेआड होते, पण ती उजव्या धमनीकडे बोट दाखवते.

सिस्टरला म्हटलं, उजवीकडची पट्टी काढा. यात विशेष काही लागत नाही. व्ही-फोरचा इलेक्ट्रोड डावीकडून काढायचा आणि उजव्या बाजूला पाचव्या फासळीखालच्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर लावायचा. बाई रुग्ण असल्या की स्तन हलकेच वर उचलून त्याखाली लावावा लागतो. संकोचापायी तो भलतीकडे लागतो आणि पट्टी फुकट जाते, म्हणून पडदा ओढायचा आणि नीट सांगून लावायचा. मशीनला अर्थातच यातलं काही कळत नाही. ते व्ही-फोर असंच छापतं. पुढे 'आर' हे अक्षर पेनाने लिहावं लागतं, वेळही लिहावी लागते. ते राहिलं तर पुढच्या रुग्णालयातला डॉक्टर ती साधी डावीकडची पट्टी समजून बाजूला ठेवतो. आणि पुढे काढू म्हणून चालत नाही, कारण हा बदल साधारण निम्म्या रुग्णांत दहा तासांच्या आत पुसला जातो. जो पहिला भेटेल त्याने काढली तरच ती मिळते.

काकींच्या पट्टीत रेषा दोन छोटे चौकोन वर होती. बीपी वरचं 84, नाडी मंद. पाठ टेकवून अर्धवट बसवल्यावर मानेची शीर जबड्यापर्यंत भरलेली दिसत होती, आणि स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही फुफ्फुसं तळापर्यंत स्वच्छ.

आता सलाईनबद्दल. आम्हाला शिकवलं होतं की उजव्या कप्प्याचा अटॅक म्हणजे सलाईन. डावा कप्पा रिकामा पडलाय, भरा. माझा यावर इतका विश्वास होता की असा रुग्ण आला की बाटली पूर्ण उघडून दुसरी टांगायला सांगायचे. हे मतही मी सोडलं, आणि इथेच त्या उघडलेल्या आवरणाचा मुद्दा येतो. हृदयाभोवतीची पिशवी एकाएकी ताणत नाही. तिच्या आत उजवा कप्पा अचानक फुगला की मधला पडदा डावीकडे ढकलला जातो आणि डाव्या कप्प्याची जागा खातो. त्यात आणखी पाणी ओतलं की उजवा कप्पा आणखी फुगतो, डावा आणखी दबतो. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पिशवीच उघडी होती, म्हणून हे दिसलं नाही. 1985 मध्ये डेल'इटालिया आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांत मोजून पाहिलं: नुसतं पाणी भरून हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढलं नाही, डोब्युटामिन या औषधाने वाढलं. हल्ली मी अडीचशे मिलिलीटर देते, मानेची शीर पाहते, बीपी पाहते. उपयोग दिसला नाही तर तिथेच थांबते आणि औषधाचा पंप लावते.

नाडीचंही तसंच. उजवी धमनी बहुतेकांत हृदयातल्या विजेच्या मधल्या गाठीला रक्त देते, म्हणून या अटॅकमध्ये ब्लॉक होऊन ठोके मंदावतात. दुबळ्या झालेल्या उजव्या कप्प्याला वरच्या कप्प्याचा धक्का फार लागतो. ब्लॉकमुळे किंवा ठोके बेताल झाल्यामुळे वरचा-खालचा मेळ तुटला की सावरलेलं बीपी पुन्हा घसरतं.

हे सगळं मात्र गाडी निघेपर्यंतचं. खरा उपचार धमनी उघडणं. मुलगा म्हणत होता, "भाव मुंबयसून येता हा. तो येवंदे, मगे बघूया." आमच्या भागात हे नेहमीचं. घरात म्हातारी माणसं, कमावती मुलं मुंबईत, निर्णय फोनवर. त्यात वाईट हेतू नसतो, जबाबदारी एकट्याने घ्यायची भीती असते. पूर्वीच्या मताची मी असते तर म्हटलं असतं, ठीक आहे, खालच्या भिंतीचा आहे, इंजेक्शन देऊ आणि भावाची वाट पाहू. त्या दिवशी मी मुंबईच्या भावाला स्वतः फोन लावला आणि सांगितलं की तुम्ही इथे न येता थेट बांबोळीला पोचा. सोबत माझा ज्युनिअर डॉक्टर, पंप आणि ती पेनाने 'आर' लिहिलेली पट्टी पाठवली. काकींची उजवी धमनी सुरुवातीलाच बंद होती. ती उघडली. पुढचे काही दिवस तात्पुरत्या पेसमेकरवर आणि औषधांवर अवघड गेले, मग त्या सावरल्या.

एका रुग्णावरून मत बदलू नये, हे मी माझ्या ज्युनिअर्सना सांगते, म्हणून आकडे देते. 1998 मध्ये मिशिगनच्या बॉवर्स आणि गोल्डस्टीन यांच्या चमूने उजव्या कप्प्याचा अटॅक आलेल्या 53 रुग्णांची अँजिओप्लास्टी केली. 77 टक्के रुग्णांत मुख्य धमनी आणि उजव्या कप्प्याला जाणाऱ्या फांद्या पूर्ण उघडल्या. त्यांच्यातले 2 टक्के गेले. ज्यांच्या उघडल्या नाहीत त्यांच्यातले 58 टक्के. हृदयरोगात इतकं रोखठोक उत्तर मला क्वचितच दिसलं आहे. अभ्यास छोटा आहे, हे खरं, पण त्याची दिशा स्पष्ट आहे. उजव्या कप्प्याची भिंत पातळ, काम कमी दाबाचं, त्यामुळे प्राणवायूची गरज कमी. हृदय आकुंचन पावतानाही तिला रक्त मिळतं, डाव्या कप्प्याला ते मुख्यतः विसावतानाच मिळतं. शिवाय डाव्या धमनीकडून आडवाटेच्या बारीक वाहिन्याही येतात. म्हणून हा स्नायू चटकन मरत नाही, गारठल्यासारखा निपचित पडतो, आणि रक्त परत मिळालं की उठतो. डाव्या कप्प्याचा गेलेला स्नायू असा परत येत नाही. रुग्णालयातले ते काही दिवस निभावले तर या माणसाचं हृदय पुढे पुष्कळदा पूर्ववत होतं. म्हणजे ज्याला वाचवण्यासाठी सगळ्यात जास्त धावपळ करावी असा हा रुग्ण, आणि आम्ही त्यालाच हलका म्हणून बाजूला ठेवत होतो.

माझ्या एका मित्राला हे पटत नाही. तो मोठ्या शहरात कार्डिऑलॉजिस्ट आहे. म्हणतो, "उजवीकडची पट्टी काढून काय बदलतं? धमनी मी तशीही वीस मिनिटांत उघडणारच." त्याच्या जागी तो बरोबर आहे. माझ्या जागी मात्र पुष्कळ बदलतं. बीपी पडलेलं असताना गुठळी विरघळवणारं औषध गुठळीपर्यंत नीट पोचत नाही, आणि स्ट्रेप्टोकायनेज तर स्वतःच बीपी पाडतं. लघवीचं इंजेक्शन, मॉर्फिन, जिभेखालची सॉर्बिट्रेट, या सगळ्यांनी हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, आणि हा कप्पा त्याच रक्ताच्या भरवशावर असतो. उजवीकडची पट्टी हाती असली की सोबत कोण जाणार, पंप लागणार का, घाट चढायचा की सरळ हायवेने गोवा गाठायचा, हे मी दहा मिनिटांत ठरवू शकते.

सॉर्बिट्रेटबद्दल एक भर घालते, कारण त्यातही माझं मत पूर्वीइतकं कडक राहिलेलं नाही. इन्फिरिअर वॉलमध्ये ती गोळी म्हणजे विष, असं मी गावातल्या डॉक्टरांना सांगत होते. अलीकडे झालेल्या एकत्रित आढाव्यात उजव्या कप्प्याच्या अटॅकमध्ये सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेटने इतरांपेक्षा फार जास्त अपाय होतो असं ठामपणे निघालेलं नाही, आणि जुना इशारा मुळात फार थोड्या रुग्णांवर बेतलेला होता. म्हणून आता मी "विष" म्हणत नाही. बीपी मोजल्याशिवाय देऊ नका आणि वरचं शंभरच्या खाली असेल तर देऊच नका, एवढं सांगते. घरात कोणाला दरदरून घाम आलाय, चक्कर येतेय, तर शेजाऱ्याच्या खिशातली गोळी जिभेखाली ठेवण्यापेक्षा 108 ला फोन करा, हे सांगणं मात्र तसंच आहे.

माझी अपेक्षा फार मोठी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजी मशीन असतं. खालच्या भिंतीत बदल दिसला की तिथेच, तेव्हाच, आणखी एक पट्टी काढली जावी आणि ती रुग्णासोबत यावी. यासाठी नवीन यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, कागदाचा एक तुकडा लागतो. आमच्या भागातल्या दोन-तीन केंद्रांतल्या तरुण डॉक्टरांनी हे सुरू केलं आहे. ते मला पट्टीचा फोटो फोनवर पाठवतात आणि रुग्ण माझ्याकडे न थांबता पुढे जातो.

सगळ्यात कठीण मला अजूनही नातेवाइकांशी बोलणंच जातं. माद्रिदच्या एका अभ्यासात पंचाहत्तरी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या रुग्णांत खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये उजवा कप्पा सापडला असेल तर रुग्णालयातले मृत्यू 47 टक्के होते, नसेल तर 10 टक्के. 1997 सालचा तो निबंध आहे, पण त्या वयाची माणसं आमच्या गावांत घरोघरी आहेत. पूर्वी "घाबरू नका" म्हणून मी मोकळी व्हायचे. आता दोन गोष्टी सांगाव्या लागतात: पुढचे दोन-तीन दिवस जिवाला मोठा धोका आहे, आणि ते निभावले तर हे हृदय पुन्हा चांगलं चालण्याची आशाही मोठी आहे. पहिली गोष्ट आधी सांगितली की वय झालेल्या माणसाच्या घरचे हळूच विचारतात, मग एवढ्या लांब कशाला न्यायचं? म्हणून हल्ली रुग्ण म्हातारा असला की मी दुसरी गोष्ट आधी सांगते, ॲम्ब्युलन्सला फोन लावते आणि मग पहिली सांगते.